चाचणीत सगळ्यांना समजलेला मेसेज प्रत्यक्षात का कळत नाही?

ॲपमधला एखादा मेसेज लोकांना कळत नाही अशा तक्रारी येतात. टीम तो नव्याने लिहिते, पाच-सात जणांना दाखवते, सगळे "हो, समजलं, छान आहे" म्हणतात. मेसेज लाइव्ह जातो. थोड्या दिवसांनी कस्टमर केअरला तेच फोन, तेच प्रश्न. मग पुन्हा लिहा, पुन्हा दाखवा, पुन्हा "छान आहे". मराठी मेसेजवर काम करणाऱ्या बहुतेकांना हा फेरा ओळखीचा असेल. दोष लिहिणाऱ्याच्या मराठीचा आहे असं धरून चालण्याआधी चाचणी तपासायला हवी, कारण बऱ्याचदा बिघाड तिथेच असतो. तो कुठे आहे हे कसं शोधायचं, त्याबद्दल हे लिहिते आहे.

उदाहरण एकच घेते, कारण ते बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेलं आहे: यूपीआयने पैसे पाठवल्यावर दिसणारा "पेंडिंग"चा मेसेज.

तो का येतो, हे थोडक्यात. पैसे पाठवताना तुमचं ॲप, तुमची बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा आणि समोरच्याची बँक, इतक्या जणांचं एकमेकांशी बोलणं व्हावं लागतं. कधीकधी तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत येत नाही. त्या क्षणी पैसे पोहोचले की नाही हे ॲपला खरोखरच ठाऊक नसतं. स्क्रीनवर मात्र येतं: "तुमचा व्यवहार प्रक्रियेत आहे. कृपया प्रतीक्षा करा." भाजीवाल्यापुढे पिशवी धरून उभा असलेला माणूस हे वाचतो आणि पुन्हा पैसे पाठवतो. थोड्या वेळाने पहिले पोहोचतात, दुसरेही पोहोचतात, आणि मग फोन सुरू होतात.

आधी तक्रार नीट ऐका

"लोकांना मेसेज समजत नाही" हे निदान होत नाही. कस्टमर केअरच्या नोंदी उघडा आणि फोन करणाऱ्याचं पहिलं वाक्य काय होतं ते बघा. "मला तर काहीच मेसेज आला नाही" म्हणणाऱ्याला तो दिसलेलाच नाही. "पैसे गेले म्हणून दाखवतंय, पण दुकानदार नाही म्हणतो" यात मेसेज दिसला, वाचला, पण अर्थ वेगळा घेतला गेला. "हा मेसेज खरा आहे ना?" यात अर्थ बरोबर पोहोचला, विश्वास बसला नाही. आणि "ते सगळं ठीक आहे हो, पण मी आता काय करू?" हा चौथा प्रकार, ज्यात वाचणाऱ्याचा काहीच दोष नाही. मेसेजनेच त्याला करण्यासारखं काही सांगितलेलं नाही.

चारही तक्रारी ऑफिसच्या एक्सेलमध्ये एकाच रकान्यात पडतात आणि चौघींवर उपाय म्हणून वाक्य बदललं जातं. वाक्य बदलून फक्त दुसरी बरी होते. पहिलीसाठी जागा, रंग, नोटिफिकेशन बघावं लागतं. तिसरीसाठी मेसेज कुठून येतो ते. चौथीसाठी प्रॉडक्टच्या, म्हणजे ॲपने काय करायचं ते ठरवणाऱ्या, लोकांना बसून निर्णय घ्यावा लागतो. म्हणून चाचणी आखण्याआधी, शक्य असेल तर, दिवसभर कस्टमर केअरच्या माणसाशेजारी बसून फोन ऐका. नोंदीत "ग्राहक गोंधळलेला" एवढंच लिहिलेलं असतं. तो नेमका कशाने गोंधळला, ते आवाजातच सापडतं.

"समजलं का?" हा प्रश्न टाळा

सगळ्यात जास्त चाचण्या इथे फसतात. फोन पुढे करून "समजलं का?" विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला "नाही समजलं" म्हणणं म्हणजे आपण अडाणी ठरणं, असं लोकांना वाटतं. शिवाय एवढ्या लांबून आलेल्याचं मन मोडायचं नसतं. "सोपा वाटतो का?", "आवडला का?", "दोन्हींपैकी कोणता बरा?" हे प्रश्नही त्याच जातीचे. त्यांतून फक्त पसंती कळते, आणि पसंती पुष्कळदा भारदस्त वाक्याला मिळते, कारण बँकेचं पत्र असंच असतं ही सवय आहे. "प्रक्रियेत आहे, कृपया प्रतीक्षा करा" हे वाक्य पसंतीच्या चाचणीत सहज जिंकू शकतं.

त्याऐवजी वस्तुस्थिती विचारा. पेंडिंगच्या मेसेजसाठी मी तीन प्रश्न वापरते. पैसे आत्ता कुठे आहेत? तुम्ही आता काय करणार? किती वेळ वाट बघणार, आणि तरी काही झालं नाही तर? तिन्हींची बरोबर उत्तरं चाचणीच्या आधी लिहून ठेवायची आणि टीममधल्या सगळ्यांकडून मान्य करून घ्यायची. हे आधी केलं नाही, तर चाचणीनंतरच्या मीटिंगमध्ये प्रत्येक उत्तर "तसं बरोबरच आहे की" म्हणून ओढूनताणून पास केलं जातं.

"प्रक्रियेत आहे" वाचलेल्यांना पहिला प्रश्न विचारून बघा. माझ्याच खात्यात आहेत, वाटेत आहेत, दुकानदाराकडे गेलेत, ही तिन्ही उत्तरं मिळू शकतात, आणि तिघंही आपल्याला मेसेज नीट समजला असंच मानतात. त्यामुळे "समजलं का?" या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे दिलेला होकारही आपल्या काही कामाचा नसतो.

दुसरी चांगली रीत आरोग्यसेवेतून आली आहे. तिला टीच-बॅक म्हणतात. औषध कसं घ्यायचं हे सांगून झालं की नर्स रुग्णालाच ते परत सांगायला लावते. आपल्याकडे असं विचारता येतं: "तुमच्या सासूबाईंचा फोन आला, असं असं आलंय, काय करू गं? तर तुम्ही त्यांना काय सांगाल?" उत्तर ऐकताना एक पथ्य पाळा. मेसेजमधलेच शब्द परत आले तर गुण देऊ नका. "व्यवहार प्रक्रियेत आहे म्हणावं" हे पाठांतर झालं. "तिकडं पोचलेत का नाही ते बँकेलाच अजून कळंना, थांबा जरा, परत पाठवू नका" हे समजणं झालं. असं वाक्य ऐकलं की ते जसंच्या तसं लिहून घ्या. नव्या मसुद्यासाठी इतका चांगला कच्चा माल ऑफिसात बसून मिळत नाही.

विचारणाऱ्यानेही स्वतःला आवरायला हवं. चुकीचं उत्तर आलं की आपला जीव कळवळतो आणि "नाही, म्हणजे बघा, इथे असं लिहिलंय ना..." असं तोंडातून निघून जातं. तिथून पुढची उत्तरं मेसेजची नसतात, तुमच्या खुलाशाची असतात. पण सगळं संपल्यावर खरं काय ते सांगूनच उठा. चुकीचा समज घेऊन कोणी घरी जाता कामा नये, कारण उद्या खरा पेंडिंग आला की पैसे त्यांचे जाणार आहेत.

मेसेज जिथे वाचला जातो तिथे नेऊन तपासा

खुर्चीवर बसून, चहा घेत, फक्त तेवढंच काम असताना कोणीही चार ओळी वाचतं. मंडईत कोणी वाचत नाही. एका हातात पिशवी, फोन उन्हात, मागे माणसं, आणि समोरून "आलं नाही हो ताई अजून". तिथे माणूस स्क्रीनवरचा रंग बघतो, चिन्ह बघतो, रक्कम बघतो आणि पहिल्या ओळीतले दोन-तीन शब्द. मसुद्यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना तिसऱ्या ओळीत असेल तर ती तिथे नसल्यातच जमा.

पेमेंटच्या मेसेजला दोन वाचक असतात ही गोष्ट चाचणीत बहुतेक वेळा सुटते. पैसे देणारा स्क्रीन बघतो आणि लगेच फोन वळवून दुकानदाराला दाखवतो. दोघांना वेगवेगळं हवं असतं. देणाऱ्याला पैसे गेल्याची खात्री हवी असते, घेणाऱ्याला आल्याची. दुकानदार खोट्या स्क्रीनशॉटबद्दल ऐकून असतो, कदाचित एखाद्या वेळी फसलेलाही असतो, म्हणून तो तुमच्या फोनपेक्षा काउंटरवरच्या साउंडबॉक्सवर विश्वास ठेवतो. तुमचा मेसेज देणाऱ्याला "काळजी करू नका" म्हणतो आणि घेणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. मग घेणारा म्हणतो, "परत एकदा मारा." दुसरं पेमेंट बऱ्याचदा असं होतं. ॲपच्या मेसेजपेक्षा समोर उभ्या असलेल्या माणसाच्या सांगण्याला जास्त वजन असतं, आणि का नसावं?

म्हणून ही चाचणी जोडीने घ्या. एक देणारा, एक घेणारा, आणि घेणारा शक्यतो खरा दुकानदार. पेंडिंग हवा तेव्हा आणता येत नाही, तेव्हा क्लिक होणाऱ्या स्क्रीन बनवून एखाद्या फोनवर टाका. खरे पैसे जाणार नाहीत हे आधी सांगून संमती घ्या, पण पेंडिंग येणार आहे हे सांगू नका. "हा मेसेज वाचा" असं म्हणू नका. काम द्या: "या दादांकडून ₹१२० ची भाजी घेतली, पैसे द्या." आणि गप्प उभे राहा. गिऱ्हाईक नसण्याच्या वेळेला जा. त्यांचा धंदा खोळंबवायचा नाही, आणि त्यांच्या वेळेचे पैसेही द्यायचे.

बघायचं काय, तर हात. पुन्हा पाठवायच्या बटणावर गेला का? मागे जाऊन बॅलन्स बघितला का? बॅलन्स बघणं ही फार बोलकी खूण आहे, कारण त्या माणसाला तुमचा मेसेज पुरेसा वाटला नाही. दुकानदार काय म्हणाला, ते शब्दशः टिपून घ्या. मग फोन पालथा ठेवायला सांगा आणि विचारा, "आत्ता काय लिहिलं होतं?" जे आठवलं तेवढाच मेसेज पोहोचला. बाकीचा फक्त तुमच्या फायलीत आहे.

चिन्हाबद्दल एक सूचना. स्क्रीनवर कुठेही हिरवी बरोबरची खूण असेल, अगदी "तुमच्या बँकेतून वजा ✓" अशी टप्पे दाखवणाऱ्या यादीतली असली, तरी घाईतला माणूस तिच्यावरूनच "झालं" असं ठरवू शकतो. त्यामुळे मेसेजचे शब्द आणि त्यांच्या भोवतीची स्क्रीन वेगवेगळी तपासून उपयोग नाही.

माणसं कोण निवडली?

ऑफिसातले सहकारी, त्यांचे नातेवाईक, इमारतीतले लोक. हे सगळे ॲप रोज वापरणारे, आणि त्यांनी पेंडिंग दहा वेळा बघितलेला असतो. तुमचे फोन त्यांच्याकडून येत नाहीत. कस्टमर केअरच्या नोंदीतूनच कळेल कोणाला बोलवायचं ते: नुकतंच यूपीआय सुरू केलेले, एरवी मुलाला किंवा सुनेला फोन देऊन पैसे पाठवायला लावणारे, सावकाश वाचणारे, मराठी बोलणारे पण फोन इंग्रजीत ठेवणारे. पुण्यात तपासलेला मेसेज एकदा तरी चंद्रपुरात, सिंधुदुर्गात दाखवून बघा. "लाभार्थी" हा शब्द बँकेच्या फॉर्ममध्ये पैसे घेणाऱ्यासाठी वापरतात. गावात लाभार्थी म्हणजे घरकुलाचा किंवा एखाद्या सरकारी योजनेचा. "लाभार्थ्याच्या खात्यात जमा झाले नाहीत" हे वाचून कोणी योजनेच्या पैशांची चौकशी करू लागलं तर त्याचं काही चुकलं नाही.

खरा मेसेज खोटा वाटतो तेव्हा

हे अलीकडे वाढलेलं दुखणं आहे आणि नेहमीच्या चाचणीत ते दिसत नाही. "बिल भरलं नाही म्हणून आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असे खोटे मेसेज राज्यभर फिरले, महावितरणला ग्राहकांना जाहीरपणे सावध करावं लागलं. यूपीआयमध्ये "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" म्हणून कित्येकांना लुबाडलं गेलं. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. लोक आता सावध झाले आहेत आणि ते चांगलंच आहे. पण त्याचा परिणाम असा की घाई लावणारा, लिंक असलेला, परतफेडीचं बोलणारा प्रत्येक मेसेज संशयात सापडतो. "तुमचे ₹१२० परत मिळतील, तपासण्यासाठी इथे क्लिक करा" हे वाक्य अगदी स्पष्ट आहे आणि अगदी भामट्यासारखंही आहे.

याची तपासणी सोपी आहे. तुमचा मेसेज, दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा खरा मेसेज आणि भामट्यांच्या धर्तीवरचा एक, असे एकत्र दाखवा आणि विचारा, "यातला कुठला उघडाल, कुठला डिलीट कराल, का?" मुद्दा त्या "का"त आहे. तुमचा मेसेज डिलीट होत असेल तर शब्द सोपे करून काही होणार नाही. लिंक काढा, घाई काढा, "ॲप उघडून हिस्टरीत बघा" एवढंच सांगा. वाचणाऱ्याला स्वतःच्या वाटेने जाऊन खात्री करता आली पाहिजे. चाचणी झाल्यावर खोटा कुठला होता ते सांगायचं, आणि कोणाची फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो हेही सांगून यायचं.

तपासला एक, गेला दुसरा

डिझाइनच्या फायलीत दाखवलेला मेसेज आणि फोनवर पोहोचलेला मेसेज एकच असेल असं गृहीत धरू नका. एसएमएसमध्ये तर हमखास फरक पडतो. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि मजकूर त्याहून लांब असला तर जोडलेल्या प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय मोजताना मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. "प्रक्रियेत" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, मोजणीत १० भरतात. खर्च वाढला की कोणीतरी मजकूर छाटतो, आणि छाटताना नेमकं "पुन्हा पाठवू नका" जातं, कारण ते शेवटी असतं.

त्यात व्यावसायिक एसएमएसचा साचा, दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार, आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नोंदलेल्या साच्याशी न जुळणारा मेसेज अडवला जातो. म्हणजे चाचणीनंतर सुचलेला एखादा शब्द सहज घालता येत नाही, आणि "तोपर्यंत जुनाच जाऊ दे" म्हणून महिनोन्‌महिने जुनाच जात राहतो. नवा मजकूर लाइव्ह गेला असं टीमला वाटत असतं, ॲपमध्ये तो गेलेलाही असतो, आणि एसएमएसमधून जुनंच वाक्य लोकांना मिळत असतं. तक्रारी कमी होत नसतील तर सगळ्यात आधी हे बघा: साध्या, स्वस्त फोनवर स्वतःला मेसेज पाठवा आणि आलेला वाचा.

रिकाम्या जागा भरूनच तपासा. "₹अबक, क्षयझ यांना" असं दाखवलं तर अडचण दिसणार नाही. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि बँकेत नोंदलेलं मालकाचं दुसरंच नाव, असं सर्रास असतं. मेसेजमध्ये अनोळखी नाव दिसलं की माणूस दचकतो: पैसे भलत्यालाच गेले की काय? सगळ्यात लांब नाव, लाखातली रक्कम, फोनवर मोठा केलेला फॉन्ट, नोटिफिकेशनमध्ये दिसणारी तेवढी एकच ओळ, हे सगळं एकेकदा डोळ्यांखालून घाला. नोटिफिकेशनमध्ये "प्रिय ग्राहक, तुमच्या व्यवहाराबाबत महत्त्वाची..." एवढंच दिसत असेल तर पहिली ओळ वाया गेली.

शब्दांनी न सुटणारी अडचण

इतकं करूनही तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक वेगवेगळं देत असतील, तर मेसेजकडून मान वळवून टीमकडे बघा. "किती वेळ वाट बघायची?" याचं एक उत्तर टीममध्ये तरी आहे का? तांत्रिक बाजू म्हणते काही मिनिटं, सपोर्ट म्हणतो ४८ तास, कायदा विभाग म्हणतो आकडा लिहूच नका. मग लिहिणारी बिचारी "कृपया प्रतीक्षा करा" लिहिते, कारण तेवढंच सगळ्यांना चालतं. तो मेसेज संदिग्ध आहे कारण निर्णयच झालेला नाही. पाच वेळा लिहून घेतला तरी पाच वेळा संदिग्धच येईल.

या बाबतीत आधार उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती दिलेल्या आहेत. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण तिच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची खात्री दुकानात पोहोचली नाही, तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला ₹१०० भरपाई. म्हणजे दोन प्रसंगांना दोन वेगळे मेसेज हवेत. बहिणीला पैसे पाठवणाऱ्याला पाच दिवसांची भीती घालायची गरज नाही, आणि दुकानात "उद्यापर्यंत येतील" असं खोटं आश्वासनही द्यायचं नाही.

निर्णय झाला की मसुदा सोपा होतो. दुकानासाठी साधारण असा:

"₹१२० पोहोचले का, ते समोरच्या बँकेने अजून कळवलेलं नाही. लगेच पुन्हा पाठवू नका, दोनदा जाऊ शकतात. पोहोचले नाहीत तर ५ दिवसांत आपोआप तुमच्या खात्यात परत येतील."

हा जोडीने तपासला की पुढचा खरा प्रश्न वर येतो. "पुन्हा पाठवू नका" ठीक आहे, पण भाजी घेऊन निघायचं कसं? दुकानदार सोडत नाही, आणि तो का सोडेल? इथे काय करायचं हे प्रॉडक्टने ठरवायला हवं. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ मोठ्या अक्षरांत असलेली, दुकानदाराला दाखवता येईल अशी स्क्रीन द्यायची? घेणाऱ्याच्या ॲपमध्येही "एक पेमेंट अडकलं आहे" असं दाखवता येईल का? रोख दिले आणि मागून हेही पोहोचले तर परत मागायचे कसे, हे सांगायचं? मला स्वतःला घेणाऱ्याच्या बाजूला काहीतरी दिसणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण भांडण तिथे होतं. पण ते लिहिणाऱ्याच्या हातात नाही. तुमच्या अहवालात ही अडचण "मजकूर" या सदराखाली टाकू नका. तिथे टाकली की ती पुन्हा तुमच्याकडेच येते.

किती जण पुरे?

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा "चाचणीला पाच जण पुरेत" हा सल्ला २००० सालचा आणि तो अजूनही सर्रास सांगितला जातो. त्याचा अर्थ मर्यादित आहे. एक अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना येत असेल, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी एकदा तरी दिसतील, असा तो हिशेब. अडचणी शोधायला पाच चांगले. "मेसेज सगळ्यांना समजतो" हे सिद्ध करायला पाच अजिबात पुरत नाहीत. पाचपैकी पाच जणांनी बरोबर केलं, तरी प्रत्यक्षात चुकणाऱ्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि ९५ टक्के खात्रीने ती शक्यता तुम्हाला नाकारता येत नाही. चुकणारे १० टक्क्यांहून कमी आहेत असं त्याच खात्रीने म्हणायचं तर लागोपाठ २९ जणांनी बरोबर करायला हवं. पैशांच्या मेसेजला १० टक्के चूकसुद्धा फार आहे. तेव्हा आधी पाच जणांच्या फेऱ्या घेत मसुदा सुधारा, आणि तो स्थिरावला की वस्तुस्थितीचे तेच तीन प्रश्न घेऊन तीसएक जणांना भेटा.

वाचनसुलभता मोजणाऱ्या सूत्रांच्या नादी लागू नका. फ्लेश यांचं सूत्र इंग्रजीच्या शब्दांवर आणि वाक्यांवर बेतलेलं आहे, मराठी मजकुराला त्याचे आकडे लावून काही हाती येत नाही. गाळलेल्या जागा भरायची क्लोज चाचणी, विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली, मदतीच्या लांब पानांसाठी चांगली आहे. दोन ओळींच्या मेसेजमधून दर पाचवा शब्द काढला तर तपासायला उरतं काय?

लाइव्ह गेल्यावर

फोन कमी झाले एवढ्यावर समाधान मानू नका. लोक कंटाळून फोन करायचे थांबले तरी फोन कमी होतात. पेंडिंगच्या स्क्रीननंतर दहा मिनिटांत त्याच माणसाला तीच रक्कम पुन्हा गेली का, हा आकडा काढायला सांगा. त्यातली किती पेमेंट दुहेरी ठरली, तो दुसरा. स्क्रीननंतर लगेच बॅलन्स किती जणांनी तपासला, तो तिसरा. मेसेज बदलण्याच्या आधीचे हे तिन्ही आकडे हाताशी नसतील तर बदल आठवडाभर पुढे ढकला आणि आधी ते गोळा करा. दोन मजकूर निम्म्या-निम्म्या लोकांना पाठवून तुलना करणार असाल तर बटणावरचे क्लिक मोजून विजेता ठरवू नका. पेंडिंगमध्ये चांगला मेसेज तोच, ज्यानंतर लोक काही दाबत नाहीत. आणि दुहेरी पेमेंट एका मजकुरात स्पष्टपणे वाढताना दिसली, तर ठरलेली मुदत संपायची वाट न बघता तो त्याच दिवशी मागे घ्या.